गिटारीच्या पोटात पाणी

आमच्या काकांना जगातलं सगळं कळायचं. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांना वैद्यकी, बांधकाम आणि लोकांच्या पोरींची लग्नं यांतलंही कळायला लागलं. माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. काकांनी आईला आणि मला सांभाळलं, आणि सांभाळलं हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकवलं.

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी नेवाशाच्या मामलेदार कचेरीत शब्द टाकून ठेवला होता. मला ती कचेरी नको होती. मी वर्षभर भिंगारला एका मिस्त्रीकडे जात होतो. हा मिस्त्री सोनईकडचा सुतार. लढाईच्या दिवसांत पलटणीच्या बँडची वाद्यं दुरुस्त करायला लागला आणि लढाई संपल्यावर कँपाजवळच दुकान टाकून बसला. बामणाचं पोर सुताराच्या हाताखाली रंधा मारतं, यावर आमच्या आळीनं वर्षभर नाकं मुरडली. मुरडा म्हणावं. यांच्यातल्या एकालाही भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नव्हता.

गोरे सोजिर तेव्हा घरी निघाले होते आणि जाताना हाती लागेल ते विकत होते. मिस्त्रीनं एक गिटार घेतली. तिच्या अंगावर कुणा रिकामटेकड्यानं तंगड्या वर केलेली बाई रंगवली होती आणि बाकीचं व्हार्निश सोलवटलेलं होतं.

"घरी ने," मिस्त्री म्हणाला. "हितं टांग्यांची धूळ लई उडती. ती बाई काढ, पॉलिश कर. बॉडीत माजी मिशी दिसली पायजे. दिसली तर दसऱ्यापासून पगारावर बस माज्याकडं."

काकांना सांगितलं तर ते हसले. "दसऱ्यापर्यंत खेळून घे. नाहीच जमलं तर नेवासा आहेच."

मागच्या पडवीत मी काम मांडलं. बाटलीच्या फुटक्या काचेनं जुना रंग खरवडला. ती बाई निघायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत काका पडवीत जितक्या फेऱ्या घालून गेले तितक्या नंतर कधी घातल्या नाहीत. मग काचपेपर, आधी जाडा, मग बारीक. लाकडाची छिद्रं खडूच्या पुडीत गेरू कालवून भरली. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून पोचारा केला, त्याला जवसाच्या तेलाचा थेंब, आणि हात गोल गोल फिरवायचा. थांबायचं नाही. थांबलं की तिथं डाग पडतो. एक हात वाळला की दुसरा. असे किती दिले मोजले नाहीत, पण खांदा रात्री उशीवर टेकवता येत नव्हता. काकांचे सल्ले चालूच होते. "एरंडेल चोळ, आमच्या पाटाला तेच चोळतात." डोंबलाचं एरंडेल! पण बाराव्या दिवशी पडवीचा खांब त्या लाकडात उलटा दिसला आणि मला इतका आनंद झाला की मी आईला चुलीपुढून उठवून आणलं.

तेराव्या दिवशी आजोबांचं श्राद्ध होतं.

काका सोवळं नेसून सकाळपासून घरभर फिरत होते. पडवीत टांगलेल्या गिटारीपासून चार हातांवर थांबून त्यांनी विचारलं, "हे चिकटवतात कशानं?"

मलाही शहाणपण पाजळायची हौस. म्हणालो, "सरसानं. कातडी उकळून करतात."

"आणि हा वास दारूचा."

"स्पिरिटचा."

"तेच ते. कातडं आणि दारू! पितरांच्या पानापासून दहा पावलांवर!"

शेजारी नेऊन ठेवतो म्हणालो. तर आपल्या घरची घाण शेजाऱ्याला दाखवायची का, म्हणून ओरडले. वाद्य इथेच शुद्ध करायचं ठरलं. ते स्वतः शिवणार नव्हते. सोवळं मोडलं असतं. ते मंत्र म्हणणार आणि पाणी मी घालायचं, गोमूत्र टाकलेलं.

"काका, पाण्यानं..."

"काय पाण्यानं? पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

मी तांब्या उचलला. एक तांब्या वरून ओतला. काका चार हातांवरून म्हणाले, "आत घाल. त्या भोकातून. खरी घाण आतच असते." मी आत घातलं. तीन तांबे. हलवून पाणी निथळवलं आणि गिटार उन्हात ठेवली. मग पानावर बसलो आणि वडे खाल्ले. खीर दोनदा घेतली.

संध्याकाळपर्यंत पॉलिशवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. दुसऱ्या दिवशी पाठीची फळी एका बाजूनं सुटून बोटभर वर आली. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "बघ. हलक्या हातचं काम." एवढं बोलून हा महापुरुष जेवायला गेला.

गिटार चादरीत गुंडाळून मी भिंगारला गेलो. वाटभर काकांना शिव्या घालत होतो. दुकानात पोचल्यावर सगळं सांगितलं, सोवळं, गोमूत्र, मंत्र, रंगवून रंगवून सांगितलं. मिस्त्री हसेल असं वाटलं होतं. तो फळीच्या फटीत बोट घालून बघत होता.

"पानी कुनी वतलं?"

"काकांनी सांगितलं म्हणून..."

"वतलं कुनी?"

"मी."

"सरस पान्यानं सुटतो, ठावं हुतं?"

"हो."

"हितंच, ह्याच पाटावर, दोन तंबुरे उघडलं हुतंस ना पानी लावून?"

"हो."

त्यानं गिटार भिंतीतल्या फळीवर ठेवली, हात पुसले. रागावला असता तर बरं झालं असतं. "नेवाशाची जागा अजून हाय ना?" म्हणाला. "मग तिकडंच जा. तितं सांगंल ते करायचं असतं."

नेवाशाला मी एकतीस वर्षं काढली. सांगतील ते केलं. काकांना मूर्ख म्हणायची संधी आजवर एकदाही सोडली नाही, ते गेल्यावरही. पण काकांना सरसातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तांब्या माझ्या हातात होता.