दहा मिनिटं लवकर

गाडी सुरू करण्याआधी ते सीटवर पूर्ण मागे वळत आणि एकेका मुलाकडे नीट पाहून घेत. मग विचारत, "बसले का गा सारे? कोनी राहून तं नाही गेलं?" मुलं एका सुरात "नाही" म्हणत. त्यानंतरच किल्ली फिरायची. तुमच्याही गल्लीत सकाळी असा एखादा माणूस येत असेल. त्याच्या हाती आपण पोटचं पोर सोपवतो आणि वर जाऊन चहा पितो.

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतली नऊ मुलं ते आपल्या व्हॅनने शाळेत नेत. मुलं त्यांना काका म्हणत, मी भाऊ म्हणायची. त्यांच्या गाडीत ओकारी झाली तर मुलाला ओरडा बसत नसे. "होते गा असं, संत्रं जास्त खाल्लं असन," म्हणत ते खिडकी उघडून देत. माझा मुलगा पहिलीत रोज रडायचा. त्याला त्यांनी आठवडाभर आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि वाटेतली दुकानं ओळखायला लावली. रडणं थांबलं. मी त्यांना दिवाळीला एक डबा चिवडा दिला आणि फिटंफाट झाली असं समजले.

मागच्या वर्षी जानेवारीत, एका दुपारी ते दारात आले. मी त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातून लवकर आले होते. चप्पल बाहेर काढून ते उंबऱ्याच्या अलीकडेच उभे राहिले.

"मॅडम, बायको काल गच्चीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. आपरेशन करा लागते, अन् पैसे आधी भरा म्हनून राहिले."

मी "अरे देवा" म्हटलं असेन.

"उधार नाही मागत मी. तीन महिन्यांचं भाडं आताच द्या. पोरं तं मी नेनारच आहो."

पैसे माझ्या खात्यात होते. पण त्याआधी एका शिकवणीवाल्याने सहा महिन्यांची फी आगाऊ घेऊन क्लास बंद केला होता. ते डोक्यात आलं. "सगळ्यांना विचारून सांगते," मी म्हटलं. ते "हो हो, विचारा ना" म्हणाले आणि गेले. आत या, पाणी घ्या, बायको कुठल्या दवाखान्यात आहे, यातलं काहीच मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'व्हॅनवाले तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागत आहेत. कारण खरं की खोटं, माहीत नाही. उद्या गाडी बंद केली तर कोणाला धरणार? मी देणार नाही.' खाली धडाधड अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, 'थँक्स, बरं सांगितलं.' मला जरा बरंच वाटलं.

नवऱ्याने तो मेसेज वाचला आणि विचारलं, "अगं, ते स्वतः आहेत ना या ग्रुपमध्ये?"

होते. गाडीला उशीर झाला तर कळावं म्हणून मीच त्यांना घेतलं होतं. मी मेसेज पुसायला गेले, तोवर त्यांचं उत्तर आलं होतं.

'उद्या गाडी १० मिनिट लवकर येईन. दवाखान्यात जायचं आहे.'

त्यालाही दोघांनी अंगठा दिला.

सकाळी गाडी दहा मिनिटं लवकर आली. मी खाली गेले नाही. गॅलरीतून मुलाची पाण्याची बाटली नवऱ्याकडे दिली आणि आत सरकले. पुढचे पंधरा दिवस मुलाला सोडायला नवराच जात होता. मी कणीक भिजवतेय, मला उशीर होतोय, असं काहीबाही सांगत राहिले.

मग एका दिवशी मुलगा शाळेतून येऊन म्हणाला, "आई, गाडीच्या काचेवरचं काकांच्या मुलीचं नाव खरवडून टाकलं."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. त्यांनी गाडी विकली होती.

"नगद देनारा एकच भेटला," ते म्हणाले. "त्याले म्हटलं, परीक्षा होयेपर्यंत मीच चालवतो. पोरं नवीन मानसाले भेतात."

म्हणजे स्वतःच्याच गाडीवर ते आता पगारी ड्रायव्हर होते. नऊ घरांपैकी एकाच घराने त्यांना आगाऊ भाडं दिलं होतं, कोपऱ्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी. तेही मला ताईंकडूनच कळलं.

मी तीन महिन्यांचे पैसे पाकिटात घालून त्यांच्यापुढे धरले. जेवण झालेल्या माणसाला वाढायला गेलं की तो ताटावर हात धरतो, तसा त्यांनी हात आडवा केला.

"आता राहू द्या मॅडम. गरज तवा होती."

"भाऊ, तो मेसेज मी..."

"तुमचं बी बराबरच होतं. कोनावर भरवसा ठेवाव आजकाल?"

आवाजात टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. तो नव्हता. त्यांना ते खरंच पटलं होतं, आणि ते मी पटवून दिलं होतं.

मार्चमध्ये परीक्षा संपली. शेवटच्या दिवशी नवा ड्रायव्हर शेजारी बसून आला होता. मुलं उतरल्यावर त्यांनी त्याला किल्ली दिली. बायको आता वॉकर धरून घरात फिरते, असं सांगितलं. सक्करदऱ्याकडे लग्नाच्या एका लॉनवर त्यांना चौकीदारी मिळाली होती. त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, मला नमस्कार केला आणि बस पकडायला पायी निघाले.

चार वर्षांत त्यांना रस्त्याने चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दर पावलाला त्यांचा डावा खांदा खाली जात होता.

"भाऊंच्या पायाला काय झालं रे?" मी मुलाला विचारलं.

"काही नाही झालं," तो म्हणाला. "एक पाय लहान आहे त्यांचा, जन्मापासून. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."