किल्ली न देणारे श्रावण मिस्तरी

बातमी अकोल्यात पोचली ती तीन दिवस शिळी होऊन. दवाखान्यात ही गर्दी, आणि अमरावतीहून आलेल्या एका ड्रायव्हरनं दारातूनच सांगितलं, "बाई, श्रावण मिस्तरी गेले." मी त्याच्यावरच खेकसले, "कोण सांगते?" जसं काही आवाज चढवला की बातमी माघारी फिरते! माझा स्वभावच मेला असा, दुःख झालं की आधी राग येतो. आता महिना उलटला, राग उतरला, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे.

श्रावण इंगळे यांचं अमरावतीत टिनाच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लढाईच्या वर्षांत पलटणीच्या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी शेडच्या दारात माठ ठेवला. गाडी आणणाऱ्याला आधी पाणी देत, आणि जो नको म्हणेल त्याला शांतपणे सांगत, "मंग गाडी दुसरीकडं दाखवा." मी पहिल्याच दिवशी दोन पेले ढोसले. तहान लागली होती, दुसरं काही नाही. पण आमचं जमलं ते तिथूनच असावं.

मी तेव्हा अमरावतीत नवी नवी डॉक्टर. वडिलांची जुनी गाडी स्वतः चालवत खेड्यापाड्यांत बाळंतपणं करायला जायची. बाईमाणूस गाडी हाकते हे बघायला लोक सायकलवरून उतरत. त्या गाडीला एक खोड लागली. डावीकडे वळताना खालून 'कट्ट' असा आवाज यायचा आणि स्टिअरिंग धरलेल्या तळहाताला जाणवायचा. एका गॅरेजवाल्यानं टायर बदलले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! दुसरा म्हणाला, "बाई, तुम्हाला भास होतो." भास! मग मीच ग्रीसची पिचकारी आणली आणि दर रविवारी गाडीखाली शिरून सगळ्या सांध्यांत ग्रीस भरू लागले. आवाज चार दिवस बसायचा. मला कोण अभिमान वाटायचा!

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटहून एक माणूस संत्र्यांच्या ट्रकवर बसून माझ्या दारात आला. बायको रात्रीपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. ट्रकला माल उतरवून परतायला दोन तास लागणार होते, म्हणून मी त्याला माझ्या गाडीत घातलं आणि निघाले. पहिल्याच वळणावर 'कट्ट', आणि या वेळी ग्रीस भरून दोनच दिवस झालेले. मिस्तरींची शेड वाटेवरच होती. म्हटलं, पाच मिनिटं दाखवून घ्यावं.

मिस्तरी शेजारी बसले, स्टिअरिंगच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालवा. बोलू नका. गाडी बोलून राहिली तं मानसानं चूप राहावं." एक चक्कर झाली. परत आल्यावर गाडीखाली निजून मला स्टिअरिंग डावं-उजवं हलवायला लावलं, आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. डाव्या चाकाजवळ त्यांचा हात थांबला. रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी तिथलं माझं बोटभर ग्रीस पुसून काढलं.

"हे कोनं भरलं?"

"मीच भरते. भरलं की आवाज बसतो," मी ऐटीत सांगितलं.

"डॉक्टरीणबाई, पोटात दुखते म्हनून कोनी आलं तं तुमी आधी भूल देता काय?"

निदानाआधी दुखणं झाकायचं नाही, हे मी नर्सांना ओरडून ओरडून शिकवत होते, आणि इकडे दर रविवारी तेच करत होते... चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा तो सांधा होता. त्यातला गोळा झिजून वाटीत लटालटा हलत होता. तो निसटला की स्टिअरिंग कितीही फिरवा, चाक ऐकणार नाही.

"वरूडपर्यंत जाईल का?" मी विचारलं, आणि अडलेल्या बाईची, माल उतरवत असलेल्या ट्रकची सगळी हकीकत सांगितली.

"जाईल बी, नाई बी जानार." एवढं बोलून त्यांनी किल्ली काढली आणि खिशात टाकली. "त्याच ट्रकनं जा."

मी किती बोलले त्यांना! तो बिचारा नवरा हात जोडून उभा, आणि मी भर रस्त्यात ओरडत होते, "ती बाई मेली ना, तर तुमच्या नावावर!" मिस्तरी शांतपणे ट्रककडे स्वतः गेले, हमालांबरोबर पेट्या उतरवल्या आणि दोन तासांचं काम तासात आटपून ट्रक आमच्यापुढे आणून उभा केला.

आम्ही पोचलो. मुलगी झाली, आई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी बसनं परतले तर स्टँडवर मिस्तरी उभे. मी तोऱ्यात विचारलं, "गाडी झाली?" ते म्हणाले, "झाली. हातोडीची एकच टिचकी मारली, तं गोळा हातात आला." मग त्यांनी विचारलं, "थे बाई?" "दोघी बऱ्या आहेत," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि किल्ली दिली. माफी मी पुढे पुष्कळदा मागितली, आणि दर वेळी त्यांनी मला पाणी देऊन गप्प केलं.

बातमी कळल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी मी अमरावतीला त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, "तुमी ट्रकनं गेल्या ना, त्या दिवशी जेवलेच नाई थे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टँडवर. वरूडची गाडी आली का कंडक्टरले पुसत, शेंदूरजन्याची बाळंतीन सुटली का? मले म्हने, गोळा निसटलाच असता असं काई मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाई. बाई गेली तं मी काय करू?" मी तिथेच रडले, अगदी हमसून. मला वाटायचं त्यांची खात्री होती म्हणून ते तेवढे शांत होते. "तवापासून सवयच लागली," वहिनी म्हणाल्या. "रोज दुपारी वरूडची गाडी आली का स्टँडवर एक चक्कर मारत, तिकडं सगळं बरं हाय ना म्हनून पुसत."

परतताना स्टँडवर अकोल्याच्या बसची वाट पाहत होते, तेवढ्यात वरूडची गाडी लागली. मी उठले आणि कंडक्टरला विचारलं, "तिकडं सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय, बाई," तो तिकिटांची पेटी सावरत म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागला. "पन आज आठ दिवस झाले... मिस्तरी काहून येऊन नाई राहिले?"