लाँचच्या टाकीचं रबर

लढाईच्या वर्षांत मी लोणावळ्याजवळच्या एका धरणावर लाँच चालवत होतो. लाँच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची आगबोट उभी राहते. आमची लाँच म्हणजे इंजिन बसवलेली रुंद होडी. पलीकडच्या काठावर साहेबलोकांचा बंगला होता, तिथे माणसं आणि सामान पोचवायचं आणि परत यायचं, एवढंच काम. साहेबांना धरणाचं पाणी चालत नसे. त्यांच्यासाठी फळीखाली जस्ती पत्र्याची मोठी टाकी बसवली होती, तीत लोणावळ्याचं गाळलेलं पाणी भरून न्यायचं. चहूकडे पाणी आणि होडीच्या पोटातही पाणीच, याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

त्या टाकीतलं पाणी साहेबांखेरीज आणखी एक माणूस पीत असे, ती माझी आई.

बंगल्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. धरण झालं तेव्हा गाव उठून टेकडीवर चढलं. माझा बाप त्याआधीच गेला होता. मी तेव्हा रांगत होतो. त्याला ओढ्याकाठी अग्नी दिला, ती जागा पाण्याखाली गेली, आणि इतकी खोल गेली की उन्हाळ्यातही उघडी पडत नसे. वाडीतले सगळे धरणाचंच पाणी प्यायचे, माझी बायकोसुद्धा. आई प्यायची नाही. "तुजा बाप हाय त्या पान्यात," म्हणायची. "त्येला कशी पिऊ मी?" त्या पाण्यात धुणं चालायचं, जनावरं पाजायची, पण घोट म्हणून घेतला नाही. टेकडीवर एक झरा होता, त्यावर तिचं भागायचं. होळीनंतर झरा आटला की मी टाकीतली एक घागर घरी न्यायचो. बंगल्यावरचा खानसामा काणाडोळा करायचा. "म्हातारी इलायती पानी पिती," असं वाडीतल्या बाया चिडवायच्या, आणि आईलाही ते ऐकून हसू यायचं.

त्या वर्षी वैशाखात टाकी गळायला लागली. तिच्या बाजूला साफसफाईसाठी परातीएवढं गोल झाकण होतं, बोल्टांनी आवळलेलं, आणि झाकण न् पत्रा यांच्यामध्ये रबराचं कडं. ते वाळून चिरलं. मी बोल्ट आवळले तर आणखीच फाटलं. पाणी इंजिनाखालच्या खळग्यात साचायचं आणि इंजिन भिजून ऐन मध्यावर बंद पडायचं. धरणावरचा साहेब म्हणाला, टाकी धड होईपर्यंत लाँच काठाला बांधून ठेव. पेट्रोल रेशनचं आहे, रिकाम्या टाकीसाठी जाळायचं नाही. त्याचं काय चुकलं म्हणा. बंगल्यात तेव्हा कोणी उतरलेलं नव्हतं.

आता घरी जायला धरणाला वळसा घालून रानातली पायवाट तेवढी उरली. सकाळी निघालं की दुपार व्हायची. मी खांद्यावर घागर घेऊन गेलो. पोचेपर्यंत निम्मी सांडली आणि खांदा सोलून निघाला. आई म्हणाली, "माज्यापायी नगं मरू. आदी तुजं यंत्र नीट कर." मला पटलं. रोज घागर वाहण्यापेक्षा एकदाच रबर शोधलेलं बरं, असं कुणीही म्हणेल.

त्या दिवसांत सोनं मिळालं असतं, पण रबर? लोणावळ्याचा सायकलवाला म्हणाला, "समदं रबर लढाईवर गेलं," आणि स्वतःच्या सायकलची ट्यूब दाखवली. तिच्यात ट्यूब कमी, ठिगळंच जास्त. एका लॉरीवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणून बसवला. तो पातळ, पाण्याच्या भाराने फुगून बाहेर आला. टायर कापून पाहिला. तो दगडासारखा, बोल्टांना दाद देईना. नळवाला म्हणाला, ताग गुंडाळ आणि वर सफेता चोप. नळाच्या आट्यांना ते ठीक आहे, पण प्यायच्या पाण्यात मी रंगाचा सफेता घालू? चांभाराने कातड्याचं कडं कापून दिलं. आईला कातड्याचं वावडं नव्हतं, माहेरी कातडी मोटेचं पाणी पिऊन वाढलेली बाई. पण हे मऊ राहायला चरबी चोळावी लागेल, असं चांभार म्हणाला, आणि माळकरी आईला चरबीचं पाणी पाजायची माझी छाती नव्हती. तेल चोळून बसवलं. सकाळी होडीत पुन्हा तळं.

शेवटी देहूरोडला गेलो. लष्कराच्या डेपोत कुंपणाआड टायरांचे डोंगर दिसत होते. फाटकावरच्या शिपायाला मी आई, झरा, टाकी असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मला तांब्याभर पाणी पाजलं आणि घरी जा म्हणाला.

परतताना गाडीत एकाने सांगितलं, तळेगावात रेल्वेतला एक म्हातारा फिटर राहतो, विचारून बघ. मी तिथेच उतरलो. मुसलमानाचं घर. चाचा म्हणाले, "एक कडं हाय बाबा. ब्रेकाचं, बाद झालेलं. पन त्ये आता माजं न्हाई, हिचं हाय." बघतो तर चूलघरात गोल बुडाचा भला मोठा हंडा त्या काळ्या रबरी कड्यावर ऐटीत बसलेला. मी म्हटलं, मावशी, साहेबाच्या टाकीला हवंय. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मग खरं ते सांगितलं. सांगून होईपर्यंत त्यांनी हंडा उतरवायला घेतला होता. "घिऊन जा," म्हणाल्या. "हंडा काय, इटंवर बी बसतो."

दुसऱ्या दिवशी कडं बसवलं. मापाला इतकं बरोबर की मीच दोनदा वाकून पाहिलं. टाकी काठोकाठ भरली, खालचा खळगा कोरडा ठणठणीत. साहेबाची परवानगी काढून लाँच हाकली. पाण्यावरून जाताना मी मोठमोठ्याने गात होतो, आणि माझा आवाज असा की जनावरंही पाणी सोडून जावीत.

घागर घेऊन टेकडी चढलो. आई दारात बसली होती. बायको माझ्याकडे बघेना. आई म्हणाली, "ठिव तितं."

"आदी पी की."

"प्याले मी काल."

बायकोने मागाहून सांगितलं. घागर संपली, मग आईने दुधावर आणि रानातल्या करवंदांवर दिवस काढले. काल ऊन चढलं तशी तिला घेरी यायला लागली. बायकोने धरणाचं पाणी तोंडाशी नेलं तर तिने हात झिडकारला. मग स्वतःच उठली, बसत बसत उतरण उतरली, काठाशी हात जोडले आणि ओंजळ लावली. खूप वेळ पीत होती म्हणे.

मी वेड्यासारखा विचारून बसलो, "कसं लागलं?"

"पान्यासारकं." तिने घागर सावलीला सरकवली. "मला वाटलंवतं, त्यो वळख दील. रागवंल तरी. पन त्यो तितं न्हाईच रं. नुसतं पानी हाय त्ये."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढे ती सगळ्यांसारखं धरणाचंच पाणी प्यायली आणि ओढ्याकाठच्या त्या जागेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारीचं खूळ गेलं. मी चूक केली असं मला वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी रबरच शोधायला जाईन. हळहळ मात्र अजून जात नाही. ते कडं एक दिवस आधी मिळालं असतं, तर माझा बाप आणखी काही वर्षं त्या पाण्यात राहिला असता.