सरलाबाईंचे चौदा महिने

सरलाबाई कामडी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना, म्हणून एका संस्थेमार्फत त्या नेपाळच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात बिनपगारी कामाला जाऊ लागल्या. सहा महिने तिकडे, सहा महिने घरी. बाळंतपणं करायची आणि सुशीला नावाच्या नव्या नर्सला शिकवायचं. त्यांचे यजमान प्रभाकरराव पांढुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. बायको परदेशात आणि तुम्ही भाकरी थापून राहिले, असं कोणी म्हटलं की ते हसायचे. "माही भाकर गोल येते. तिची येत नाही."

तिसऱ्या वर्षी, कार्तिकात, मुलाचा, रोहितचा, फोन आला. बाबा न्हाणीत पडले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "पंधरा दिवसांत येते," असं सुशीलाला सांगून सरलाबाई निघाल्या. निम्मे कपडे तिथल्या खोलीतच राहिले.

पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले.

कूस बदलून देणं, पेज भरवणं, पायाला तेल चोळणं, हे त्यांच्या हातचंच काम होतं. जाऊ कलाबाई दर मंगळवारी जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर आणून प्रभाकररावांच्या कपाळाला लावायच्या. शनिवारी सरलाबाई सुशीलाला फोन करत. कोणाचे दिवस भरले, कोणत्या बाळाचं वजन वाढत नाही. फोन ठेवून वळल्या की यजमानांचे डोळे आपल्यावरच खिळलेले दिसत.

एकदा असाच फोन झाल्यावर प्रभाकररावांनी डाव्या हातानं दाराकडे बोट केलं.

"पाणी पायजे? दार लावू? कोणी आलं काय?"

प्रत्येक वेळी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी हात गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ते 'तू जा' म्हणत होते, की 'तू जाशीलच' म्हणत होते, हे सरलाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

पौषात ते गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दोन महिन्यांनी सरलाबाईंनी बॅग काढली.

"आई, बाबाले जाऊन दोनच महिने झाले," रोहित म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"मले या घरात बसवत नाही रे."

"म्हणजे तू वाटच पाहून राहिली होती काय?"

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. सरलाबाई हातातल्या साडीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. थोडीशी पाहत होती."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना नागपूर स्टेशनवर सोडलं, बॅग डब्यात ठेवली, पाया पडला.

गोरखपूर, सोनौलीची सीमा, मग दोन दिवस बस आणि जीप. सरलाबाई केंद्रात पोचल्या त्या दुपारीच एक बाई कळा देत होती. सवयीनं त्यांनी हातमोज्यांकडे हात नेला. पण त्या बाईनं सुशीलाचा हात घट्ट धरला होता. दीड वर्षापूर्वी टाका घालताना दर वेळी सरलाबाईंकडे पाहणारी सुशीला आता शांतपणे तिला श्वास घ्यायला सांगत होती. सरलाबाई उबदार फडकं धरून बाजूला उभ्या राहिल्या. बाळ रडलं. त्यांना बरं वाटलं, आणि आपली वाट इथंही कोणी पाहत नव्हतं, हेही कळलं.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सुशीलाला ते दाराकडे केलेलं बोट सांगितलं. रोहितला काय उत्तर दिलं, तेही. दोघी हिंदीतच बोलायच्या. सुशीलानं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"दीदी, मला काय कळणार?" ती म्हणाली. "पण शनिवारी फोन केला की तुम्ही आधी त्यांचंच सांगायच्या. आज किती घास गेले, झोप लागली का. बाळांचं मागून विचारायच्या."

सरलाबाईंना यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडल्या. तेरवीलाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

आता बाळंतपणं सुशीला करते. सरलाबाई बाळांची वजनं घेतात, लसींची नोंद ठेवतात, आणि नवऱ्यामागं एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या तपासायला आल्या की त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ बसतात.