सोडून राहिलो

माझा धाकटा भाऊ कोणाच्या जिवावर उठणारा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण कचेरीत बहिणीच्या सांगण्याला कोण विचारतो!

त्या वर्षांत विलायतेला कापसाची हाव सुटली होती. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग हलता हलत नसे. भाऊ गासड्या घेऊन गेला, सोबतीला आमचा शेजारी. आठवड्यापूर्वीच दोघांची शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुंपली होती, साऱ्या गावानं ऐकलं होतं. भाऊ गासड्या बांधलेल्या दोराशी होता, शेजारी चाकाला दगड लावायला वाकला, वरून गासडी घसरली आणि त्याचा पाय चेचला. तो पाय कायमचा गेला. भांडण ताजं, म्हणून भावाला धरून नेलं.

जाणूनबुजून जायबंदी केल्याचा आरोप होता. शाबीत झाला तर सात वर्षं. त्याची बायको पोटुशी, तिला कुठं नाचवणार, म्हणून मीच गेले. गोऱ्या साहेबापुढं भावाची जबानी वाचली गेली. लिहिणारा कारकून पुण्याकडचा, भाषा अगदी धुतलेली. त्यानं वाचलं, "दोर सोडून मी उभा राहिलो. मग गाडीला हिसका बसला."

माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे गासडी मोकळी करून, खाली माणूस आहे हे बघत हा ठोंब्या उभा राहिला? मी शिपायाला बाजूला सारून पुढं झाले आणि तो काय बोलला तेच शब्द सांगा म्हटलं. कारकून वैतागून म्हणाला, "मी दोर सोडून राहिलो होतो."

"मुनशीजी, तुमी आत्ता काय करून राहिले?"

"लिहितोय. दिसत नाही का?"

"लिवून झालं?"

"अजून नाही."

"मंग त्याचा बी दोर अजून सुटला नोता. सोडूनच राहिला होता."

कारकुनाची लेखणी थांबली. माणूस मानी होता, पण खोटा नव्हता. वऱ्हाडात 'सोडून राहिलो' म्हणजे 'सोडत होतो', ही आपली चूक त्यानं स्वतःच साहेबाला समजावली आणि ओळ खोडली. साहेब म्हणाला, हातानं काय झालं एवढ्यावर कायदा थांबत नाही, मनात काय होतं तेही बघतो. जाणूनबुजूनचा आरोप उडाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण साहेबाचं संपलं नव्हतं. दोराला हात लावण्याआधी गाडीचे बैल सोडले होते का, असं त्यानं विचारलं. गर्दीत कोणी पाहिलं नव्हतं, शेजाऱ्यालाही आठवत नव्हतं. मी भावाकडं डोळे वटारले, हो म्हण मेल्या, हो म्हण.

"नाई सोडले," तो म्हणाला. "रांगेतली जागा गेली असती."

हयगय केली म्हणून सहा महिने झाले. मी इतकी चिडले की जाताना त्याच्याशी बोललेसुद्धा नाही. एवढं झगडून त्याला सोडवत आणलं आणि यानं आपल्याच हातानं दार लावून घेतलं!

सहा महिन्यांनी त्याला आणायला तुरुंगाच्या दारात मीच गेले. तान्हा मुलगा घरी वाट बघतोय, चल म्हटलं.

"पह्यले शेजाऱ्याच्या घरी जाऊ," तो म्हणाला. "त्याले सांगतो, बैल सोडाले पाह्यजे होते."

त्या दारात पाय ठेवणार नाही असं मी गावभर सांगत फिरले होते. गावात पोचलो तेव्हा मीच पुढं होऊन त्याची कडी वाजवली.