सुमीचं ‘मले’

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अमरावतीच्या दवाखान्यात बाकावर मी आणि माझी बायको सुशीला बसलो होतो, मधे आमची सहा वर्षांची सुमी. डॉक्टर पुण्याकडचे. म्हणाले, “मेंटल डेफिशियन्सी.” म्हणजे बुद्धी उपजतच अपुरी. “औषध नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. सांगाल तेव्हा चिठ्ठी देतो.”

मी बी.ए. आहे. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या कुणबी घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीपुढं गेलं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण त्या बाकावर मी नुसता सुमीच्या झग्याचं लोंबतं बटण पाहत बसलो.

त्याआधी अकोल्याला आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं राहायचो. भोंगा झाला की सुमी कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. नावानं हाक मारली तर मात्र वळायची नाही. कोरडी भाकरी आणि चहा याखेरीज तोंडात काही घ्यायची नाही. तिच्या किंचाळण्यानं घरमालकानं खोली सोडायला लावली. मी मास्तर, बदली मागून अमरावतीला आलो, राजापेठेत बिऱ्हाड केलं. तिथंही तेच. सुशीलानं हळदीकुंकवाला जाणं सोडलं.

सुमी उशिरा बोलायला लागली, तेही आपण बोललो तेच परत. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, “तुला पाणी हवं का?” ती म्हणाली, “तुला पाणी हवं का?” त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्यांनी मान हलवली.

आज याला ऑटिझम म्हणतात. जन्मापासून मेंदूची घडण वेगळी असते, त्यामुळं बोलणं, लोकांत मिसळणं वेगळ्या रीतीनं होतं. आता अशा मुलांच्या शाळा आहेत, आईबापांना शिकवणारे वर्ग आहेत. तुमच्या घरी असं मूल असेल तर तिथं जा, लाजू नका. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा आमच्या माहितीत यातलं काही नव्हतं. शब्दही नव्हता.

माझे वडील गावाहून आले. म्हणाले, “दिवाळीलोक पाह. मंग नेऊन घाल तिले तिकडं.” दिवाळीपर्यंतच्या मुदतीला मी हो म्हणालो.

पावसाळ्यात माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही बाई म्हणतो. सुशीला चहा गाळत होती. सुमी बाईपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुले चाय पायजे काय?”

“पायजे नं बाप्पा!” बाई खुलली. “कोन म्हनते पोट्टी येडी हाय? पाहुन्याचं करून राहिली, पाहा!”

सुशीलानं पेला बाईला दिला. सुमीनं किंकाळी फोडली आणि स्वतःचं मनगट चावलं, रक्त येईतो.

“काय झालं? मी काय केलं?” बाई पेला हातात धरून तशीच बसली.

त्याच सकाळी मी वर्गात सर्वनामं शिकवली होती. बोलणारा तो मी, ऐकणारा तो तू. माझ्या ध्यानात आलं, सुमीला आम्ही रोज विचारतो, “तुले चाय पायजे काय?” आणि मग तिला चहा मिळतो. म्हणजे चहा मागायचं वाक्य तिच्या लेखी हेच. ती बाईला विचारत नव्हती, स्वतःसाठी मागत होती. बाईनं तो चहा घेतला नसता तर मला हे कळलं नसतं. तिचे उपकार आहेत.

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न विचारणं बंद केलं. मी पेला घेऊन समोर बसायचो. सुशीला सुमीच्या मागं बसून तिचा हात पुढं करायची आणि कानाशी हळू म्हणायची, “मले चाय दे.” मी लगेच पेला द्यायचो, तोंडातून शब्द न काढता. गप्प राहणं फार जड जातं, पण तेवढं पाळा.

शाळेत मी पोरांना ‘मला’ लिहायला लावायचो. घरी ‘मला’ शिकवावं की आमच्या बोलीतलं ‘मले’?

“मांगन कोनाले? आपल्यालेच नं?” सुशीला म्हणाली. ‘मले’ ठरलं.

बाई मला बापू म्हणते. ती हसायची. “बापू, बायको पाठीमांगून बोलते, पोट्टी समोरून हात काढते. कठपुतल्या नाचवून राहिले काय रे?”

पोळा गेला. दसरा गेला. सुमी ‘तुले’च म्हणायची. दिवाळी तोंडावर आली तसे आम्ही चिठ्ठी आणायला दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या होता. ते माझ्याशी बोलत होते. सुमीच्या मागं कोणी नव्हतं. तिनं हात पुढं केला.

“मले पानी दे.”

डॉक्टर थांबले. “मले? उच्चारात दोष आहे.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “इकडं असंच म्हणतात. मले म्हणजे मला. शब्द बरोबर आहे.”

सुमीचा हात तसाच पुढं.

“मंग द्या नं तिले पानी,” सुशीला म्हणाली.

डॉक्टरांनी पेला भरून दिला. सुमी प्यायली. चिठ्ठी आम्ही मागितली नाही.

सुमी शाळेत कधी गेली नाही. मोठा आवाज झाला की अजून कान दाबते. पण इस्पितळात गेली नाही. आमच्या घरीच वाढली, आणि लागेल ते स्वतःच्या तोंडानं मागायला शिकली.