माळाचं पाणी आणि गावचा इन्कमटॅक्स

ग्रामपंचायतीत क्लार्क म्हणून चिकटलं की पगार थोडा आणि किस्से भरपूर! गावानं स्वतःपुरता इन्कमटॅक्स लावला तेव्हाचे किस्से तर लिहून ठेवावे लागले नाहीत, पाठच झालेत.

अणदूरकडचं आमचं गाव. मधल्या गावठाणात पाणी आहे. स्टँडजवळच्या पेठेत टँकर येतो. माळावरच्या वस्तीत काहीच नाही, तिथल्या बायका वर्षानुवर्षं खालून हंडे वाहतात. नव्या पाइपलाइनला पैसा हवा होता, आणि ती एका वेळी एकाच भागात जाणार होती. ग्रामसभेत ठरलं, वर्गणी उत्पन्नाप्रमाणं. कमाई ज्यानं त्यानं उभं राहून सांगायची, कमाई नसेल त्याला माफी.

पेठेतल्या अप्पांचं कापडाचं दुकान आणि दोन ट्रॅक्टर. त्यांनी वर अट घातली, "जो भरंल, त्योच ठरवंल पाणी आधी कुठं न्यायचं. फुकट्यांना मत न्हाय!"

ही अट माळासाठीच होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं. मला लई राग आला, पण क्लार्कला राग इतिवृत्तात लिहिता येत नाही.

*

कमाई सांगायच्या दिवशी पहिले अप्पाच उठले. "धंद्यात काय उरत न्हाय. एन माडोदु!" म्हणजे, काय करायचं! अडचण आली की अप्पा कानडीत शिरतात.

"शून्य लिहू?"

"लिहा."

मग काय, अख्खी पेठ शून्य! हॉटेलवाला शून्य, मोबाइलवाला शून्य. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे भरतीलच, आपल्या एका मतानं काय अडतंय. सरपंचबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, पेठंत एवढी गरिबी आली आन् आपल्याला कुणी कळवलं बी न्हाय!"

*

गावठाणात नोकरदार जास्त. शाळेतले गुरुजी उठले, घसा साफ केला, "हप्ते वजा जाता माझ्या हातात..."

मागून आवाज आला, "बसा गुरुजी! तुमचा पगार तुमच्यापेक्षा आमाला पाठ हाय!"

गुरुजींनी मुकाट्यानं पूर्ण पगार सांगितला.

*

माळावरच्या कोंडाबाई शेळ्या राखतात. त्यांचं नाव मीच आपणहून माफीत घातलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात हजर.

"मला फुकटी लिवलीस व्हय रं?"

"आजी, तुमची कमाई ती कितीशी?"

"बोकड इकते म्या! लिव्ह कमाई, आन् पावती फाड!"

त्यांच्या मागं वस्तीतल्या सगळ्या बायकांची रांग. कुणाचे पन्नास, कुणाचे वीस. पावत्या फाडून हात दुखला, पण नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

*

माफीची यादी देवळाच्या भोंग्यावर वाचायची होती. मी सुरुवात केली, "कमाई शून्य असलेले ग्रामस्थ. एक नंबर, अप्पा..."

आता मला काय माहीत, त्याच वेळी अप्पांच्या घरी अक्कलकोटचे पाहुणे थोरल्याचं स्थळ बघायला आलेत आणि पोहे खातायत!

अप्पा अनवाणी धावत आले. "बंद कर ते! नाव काढ माजं!"

"काढतो की. पण मग भरावं लागंल."

भरलं! दुकान, दोन्ही ट्रॅक्टर, सगळं धरून भरलं. मीही लगेच भोंग्यावर दुरुस्ती केली, "अप्पांचं नाव माफीतून वगळण्यात येत आहे. त्यांची कमाई सापडली आहे!"

*

मग मतदान. पावती दाखवायची आणि हात वर करायचा.

सरपंचबाईंनी विचारलं, "पाणी आधी माळावर न्यायचं, हात वर करा." माळावरच्या बायकांचे सगळे हात वर. गावठाणातून गुरुजींचाही. मी मोजताना दोनदा चुकलो.

"आधी पेठंत?"

अख्खी पेठ हजर होती, पण पावती एकाच्याच खिशात. अप्पांनी हात वर केला, आजूबाजूला बघितलं, आणि लाजेनं तो तसाच वर राहिला.

कोंडाबाई पदर खोचत उठल्या. "अप्पा, हात खाली घ्या, भरून यील. या की उद्या माळावर, आमच्या नळाला पाणी प्यायला!"